आजचं चिंतन : द्रोणपर्व – रणात सोडलेले घोडे



काल आपण अभिमन्यूपाशी थांबलो होतो. आज युद्धाचा चौदावा दिवस. अर्जुनाची प्रतिज्ञा सगळ्यांना माहीत आहे: सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. म्हणजे या दिवशी अर्जुनाकडे काय नाही, तर वेळ. द्रोणाचार्यांनी जयद्रथाला सैन्याच्या पार मागे लपवलंय. मध्ये अख्खं कौरव सैन्य. सूर्य माथ्यावरून ढळायला लागलाय आणि जयद्रथ अजून लांब आहे.

आणि अशा वेळी रथ थांबतो.

का, तर घोडे दमलेत. अंगात बाण रुतलेत, घसा कोरडा पडलाय. अवंतीचे विंद आणि अनुविंद हे दोघे भाऊ नुकतेच पडलेत, बाकीचे चाल करून येतायत, आणि अर्जुन कृष्णाला विचारतो की घोडे थकलेत, जयद्रथ दूर आहे, आता काय करणं बरं? त्याचं स्वतःचं मत तो सांगतोही: घोडे सोडावेत, त्यांच्या अंगातले बाण काढावेत. कृष्ण म्हणतो, माझंही तेच मत आहे. मग अर्जुन रथाखाली उतरतो. मी सगळ्यांना थोपवतो, तू पुढचं बघ, असं म्हणतो आणि जमिनीवर पाय रोवून उभा राहतो. कृष्ण म्हणतो, अरे पण इथे पाणी कुठे आहे? घोड्यांना आंघोळीआधी प्यायला पाणी पाहिजे. अर्जुन अस्त्राने जमीन फोडून तळं करतो. असं तळं की बघायला नारदमुनी येतात. वर बाणांचंच एक घर उभारतो. त्या घरात कृष्ण हसतमुखाने घोडे सोडतो. स्वतःच्या हातांनी बाण उपसतो, अंग चोळतो, त्यांना लोळू देतो, पाणी पाजतो, धुतो, चारा घालतो, आणि थकवा गेल्यावर पुन्हा जुंपतो. कौरवांचे योद्धे बघत राहतात.

(कठोपनिषदातल्या रथाची इथे आठवण होईल: इंद्रियं म्हणजे घोडे, मन म्हणजे लगाम वगैरे. ते आहेच. पण इथले घोडे रूपक नाहीत. खरे आहेत, लीद टाकणारे. आज त्यांना खरेच राहू देऊ.)

अर्जुनाचे घोडे धुणारा देव कीर्तनात आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. जनीबरोबर दळणारा, नाथांघरी पाणी भरणारा, राजसूयात उष्टी काढणारा, त्याच रांगेतला हा. आणि आपण प्रत्येक वेळी त्यातून देवाची नम्रता शिकतो. ते बरोबरच आहे. पण या वर्षी हा अध्याय वाचताना माझं लक्ष अर्जुनावर खिळलं. घोडे त्याचे होते. ‘श्वेतवाहन’ हे नावच त्याला त्या घोड्यांवरून मिळालंय. आणि त्याने स्वतः एकाही घोड्याच्या अंगातला बाण काढला नाही.

हे मला का दिसलं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी एक काठियावाडी घोडी आहे, पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात. आणि मला हॉजकिन लिम्फोमा झालाय, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. हा बऱ्याचदा तरुण वयातच होतो आणि उपचारांनी बरा होण्याचं प्रमाण चांगलं आहे, त्यामुळे काळजीचे निरोप पाठवू नका. दर १५ दिवसांनी केमोथेरपी, चार औषधं, एकूण १२ डोस. आठ झालेत.

पहिला डोस व्हायच्या आधीच घरात एक विषय निघाला होता: घोडी विकून टाक. आत्याने तर गिऱ्हाईकही शोधलं. वाईट हेतू नव्हता कुणाचा. पण माझ्या डोक्यात तेव्हा दोनच रस्ते होते: एक तर सगळं मीच करायचं, नाहीतर ती माझी राहणार नाही. सेवा म्हणजे आपल्या हाताने केलेली, हे आपल्याला इतकं पक्कं शिकवलेलं असतं की तिसरा रस्ता दिसतच नाही.

आता अडचण काय असते ते नीट सांगते, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी असा पेशंट असेल आणि गाय, कुत्रा, मांजर असं कुणीतरी असेल. केमोने पांढऱ्या पेशी उतरतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी लढतात. त्या १५००च्या खाली गेल्या की कमी, ५००च्या खाली गेल्या की धोका मोठा. बहुतेक औषधांत डोसनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात त्या सगळ्यात खाली असतात, आणि गंमत अशी की तेव्हाच मळमळ ओसरून आपल्याला बरं वाटायला लागलेलं असतं. तबेला म्हणजे लीद, ओली माती, आणि गवताच्या पेंढीत दडलेली बुरशी. पेंढी सोडली की धुरळा उडतो. निरोगी माणसाला एखादी शिंक येते, माझ्यासारखीच्या फुप्फुसात मात्र तीच बुरशी घर करू शकते. त्यात माझ्या चार औषधांतलं एक, ब्लिओमायसिन, फुप्फुसांनाच त्रास देऊ शकतं. शिवाय छातीवर कातडीखाली बसवलेला केमोपोर्ट. घोडी लाडात आली की कपाळ नेमकं तिथेच घासते. डॉक्टरांना मी हे हाताने दाखवलं तेव्हा ते आधी हसले आणि मग गंभीर झाले. घोड्यावर बसणं बंद. पडलं आणि प्लेटलेट कमी असल्या तर रक्त थांबायला वेळ लागतो. लीद काढणं, खुरं कोरणं, जखमा धुणं, पेंढ्या सोडणं, सगळं बंद. चांगल्या दिवशी, मास्क आणि हातमोजे घालून, उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन दहा मिनिटं भेटायची परवानगी मिळाली. (हे माझ्यापुरतं. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील, त्यांचंच ऐका.)

म्हणजे माझ्या हातात काय उरलं? खरारा नाही, तोबरा नाही, लगाम नाही.

तबेल्यावर मामा आहेत. आयुष्यभर घोड्यांत राहिलेला माणूस. ते म्हणाले, “ताई, तुम्ही तुमचं बघा. हिचं मी बघतो.” मी मान हलवली खरी, पण मनातून पटलं नव्हतं. पुढचे दोन आठवडे दिवसातून चार वेळा फोन करत होते. पाणी दिलं का, खुरं बघितली का. मामा दर वेळी शांतपणे ‘हो ताई’ म्हणायचे.

मग हा अध्याय पुन्हा हातात घेतला आणि अर्जुनाने केलेली कामं मोजली. तीन आहेत. शत्रू थोपवला, पाण्याची सोय केली, आडोसा केला. एवढंच. उरलेलं, म्हणजे ज्यात घोड्याला प्रत्यक्ष हात लागतो ते सगळं, दुसऱ्याचं. आणि जरा विचार करा, चहूबाजूंनी बाण येत असताना तो तोंड कुठे करून उभा असेल? मला वाटतं, घोड्यांकडे त्याची पाठच असणार. मागे काय चाललंय ते वळून बघायची सोय नव्हती. बघत बसला असता तर कृष्ण, घोडे आणि तो, कुणीच वाचलं नसतं.

मग मी माझं तळं आणि माझं घर कुठलं ते शोधायला लागले. अंथरुणावर पडून करता येईल असं काम. ते निघालं भरपूर, आणि सगळं कोरडं, हिशेबाचं.

पहिलं चंदीचं. घोडं रोज फिरत असतं तेव्हा त्याला चंदी, म्हणजे हरभरा, जव, भुसा वगैरे, कामाच्या मानाने दिली जाते. काम एकदम थांबलं आणि चंदी तेवढीच राहिली तर पुढच्या वेळी बाहेर काढल्यावर स्नायू लाकडासारखे आखडतात, लघवी गडद तांबडी होते, किडनीवर येतं. मालकाच्या आजारपणात घोड्यावर येणारं हे खास संकट, आणि ते प्रेमापोटी येतं: बिचारी एकटी आहे, द्या तिला जास्त. आम्ही चंदी पहिल्याच दिवशी निम्म्याहून खाली आणली आणि वैरण वाढवली. सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के धरतात. आमची साधारण ३५० किलोची, म्हणजे दिवसाला पाच ते सात किलो. कडबा कुट्टी, गवत, थोडा लसूण घास. पाणी उन्हाळ्यात चाळीस लिटरच्या घरात जातं. आणि बसायला कोणी नसलं तरी रोज मोकळं सोडणं, दोन वेळा.

दुसरं तारखांचं. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी. धनुर्वाताची लस वर्षातून एकदा. जंताचं औषध व्हेटच्या सल्ल्याने. पावसाळ्यात खुराचा तळवा कुजतो, काळा आणि वास येणारा होतो, म्हणून जागा कोरडी ठेवायची आणि खुरं रोज कोरायची. सर्रा नावाचा ताप मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरतो, तेव्हा माश्यांचा बंदोबस्त. माझ्या केमोच्या तारखा आणि तिच्या तारखा मी एकाच कॅलेंडरवर लिहिल्या, दोन रंगांत.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, अधिकारपत्र. तबेल्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत व्हेटचा नंबर. खाली: मला विचारायला थांबू नका. किती खर्चापर्यंत मामांनी माझ्याशिवाय हो म्हणायचं तो आकडा. घोड्याच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कुणाची. आणि माझ्यानंतर निर्णय कोण घेईल, तिचं नाव. ही माझी मैत्रीण, तीच आता घोडीला फेरफटका देते. ‘माझ्यानंतर’ हे दोन अर्थांनी वाचता येतं, आणि मी दोन्ही अर्थांनी लिहिलं. एकोणतिसाव्या वर्षी असं काही लिहिताना हात थरथरतो. पण लिहून झाल्यावर त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

इथे एक सांगते, थोडं रागानेच. आपल्या सत्संगी मंडळींत असं काही बोललं की लगेच कुणीतरी म्हणतं, “अगं, मामांच्या रूपात देवच आला बघ.” असेल. मलाही तसं वाटतं कधी कधी. पण मामांना गुडघेदुखी आहे, रविवार आहे, मुलीचं कॉलेज आहे. त्यांना देव म्हणून पगारवाढ टाळता येत नाही. काम वाढलं तेव्हा पैसे वाढवले, आठवड्याला एक सुट्टी ठरवली, आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या मुलाला मामांनीच शिकवलं. कृष्णालाही पाणी नसताना ‘बघ तूच काय ते’ म्हणून अर्जुन सुटला नव्हता. पाणी कुठे आहे हा प्रश्न देवाने विचारला आणि उत्तर माणसाने द्यायचं होतं.

तिसऱ्या डोसनंतर दहाव्या-अकराव्या दिवशीची रात्र. अकरा वाजता कणकण वाटली म्हणून थर्मामीटर लावला, १००.६. आमचा नियम सरळ आहे: १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, दिसलं की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, डॉक्टरांना फोन करून थेट हॉस्पिटल. पेशी कमी असताना तापाला तासांचाच वेळ असतो. बाबा गाडी काढत होते आणि मामांचा फोन आला. घोडीने वैरणीला तोंड लावलं नाही. पुढच्या पायाने जमीन उकरतेय, वळून वळून पोटाकडे बघतेय, लीद नाही. पोटशूळ. ज्यांनी घोडं पाळलंय त्यांना या शब्दाचं वजन माहीत आहे. घोड्याला उलटी होत नाही, पोटातलं वर यायला वाटच नसते. आतडं अडकलं किंवा पीळ पडला तर काही तासांत खेळ संपतो.

कृष्णाने घोड्यांना लोळू दिलं, कारण दमलेलं निरोगी घोडं सुखाने लोळतं. तेच लोळणं पोटशुळात भीतीचं. मामांना हे मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चारा आधीच काढून घेतला होता आणि व्हेटला फोन लावून झाला होता. मला त्यांनी फक्त कळवलं. विचारलं नाही. भिंतीवर लिहिलंच होतं ना.

माझी गाडी एका दिशेला गेली, तबेला दुसऱ्या दिशेला. त्या रस्त्यावर मी काय काय नामस्मरण केलं ते सांगत नाही, त्यात भक्ती कमी आणि भांडण जास्त होतं. हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या रक्त घेतलं, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. नर्सताईंनी ३८.३ लिहिलं. आणि मला काय आठवावं, तर घोड्याचं नॉर्मल तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस असतं. माझ्या अंगात त्या रात्री घोडीचं नॉर्मल होतं. मी हसले तर आईला वाटलं, ताप डोक्यात गेला.

पहाटे साडेपाचला मामांचा फोटो आला. लिदीचा. नुकत्याच पडलेल्या, ताज्या, हिरवट लिदीचा ढीग, टॉर्चच्या उजेडात. व्हेटनी इंजेक्शन दिलं होतं, नाकातून नळी घालून औषध सोडलं होतं, आणि मामा, मैत्रीण, तो सुट्टीचा मुलगा असे तिघं रात्रभर आळीपाळीने तिच्याजवळ होते. मी पाच दिवस हॉस्पिटलात होते. घोडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडंथोडं गवत खात होती.

समजा त्या रात्री मी तबेल्यावर गेले असते. काय करणार होते? नळी मला घालता येत नाही. तिच्या कपाळावर हात ठेवून रडले असते, आणि बहुतेक सकाळपर्यंत माझीच वाट लागली असती.

आषाढात आणखी एक प्रसंग आला. दरवर्षी आम्ही रिंगणाला जातो. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व येतात, आणि ज्या अश्वावर स्वार दिसत नाही त्यावर माउली आहेत असं आपण मानतो. तो धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. माझा पाचवा डोस नुकताच झाला होता. गर्दी नको, माती तर नकोच. मैत्रिणीने माती आणली, पुडीत बांधून. आईने ती देवघरात ठेवली आणि मी लांबून नमस्कार केला. एक काका म्हणाले, माउलींच्या मातीने कधी इन्फेक्शन होतं का! मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण तुम्हाला सांगते, तुमच्या घरी केमो चालू असेल तर अंगारा, तीर्थ, माती, ताजी फुलं, हे सगळं आधी डॉक्टरांना विचारा. ज्या अश्वावर माउली बसतात त्याचीही वाटेत खुरं बघितली जातात, खाणंपिणं सांभाळलं जातं. श्रद्धा आहे म्हणून त्याला उपाशी कोणी धाववत नाही.

आता जे अवघड आहे ते. गेल्या महिन्यात, पेशी बऱ्या होत्या तेव्हा, भेटायला गेले. कुंपणापासून हाक मारली. तिने कान टवकारले, माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मागून मामा बादली घेऊन आले, आणि ती त्यांच्याकडे वळून खिंकाळली. तशी ती पूर्वी माझ्यासाठी खिंकाळायची. माझ्या डोक्यावर केस नाहीत, तोंडावर मास्क, अंगाला औषधांचा वेगळा वास. तिचं काय चुकलं? तिला रोज पाणी कोण देतं ते तिला माहीत आहे.

मी परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होते. हातून सेवा जाते तेव्हा सेवेतून मिळणारं प्रेमही जातं, हे मी धरलंच नव्हतं. व्यासांनी त्या बाणांच्या घरात घोड्यांनी कुणाच्या खांद्यावर मान टाकली ते लिहिलेलं नाही. घोड्यांचे बाण निघाले, तहान भागली, ते पुन्हा पहिल्यासारखे पळाले, एवढं लिहिलंय. गीतेत फळाची आसक्ती सोड म्हणून जे सांगितलंय ते मी आजवर पगार, प्रमोशन, मार्क यांच्याबद्दल धरत आले. एका घोडीच्या खिंकाळण्याबद्दल कधी धरलं नव्हतं. अजून पूर्ण सुटलेलं नाही. त्या दिवशी मामा म्हणाले, “ताई, तुम्ही बऱ्या व्हा, मग बघा कशी विसरते मला.” ते खरं होईल की नाही कोण जाणे, पण म्हणाले ते गोड वाटलं.

आजच्या वाचनात हा भाग सावकाश वाचा. तळं होतं तिथपासून घोडे पुन्हा जुंपेपर्यंत. कृष्णाच्या हातांचा क्रम बघा: आधी रुतलेलं काढलं, मग चोळलं, मग लोळू दिलं, मग पाणी, आंघोळ, चारा. आणि मध्ये मध्ये बाहेर उभ्या असलेल्या अर्जुनाकडेही बघा. घरात कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी असं एखादं काम शोधा जे पडल्या पडल्या करता येईल आणि खरंच उपयोगी असेल. आणि उरलेलं त्याच्या हातून हळूच काढून घ्या, वाद न घालता, मामांसारखं ‘हो ताई’ म्हणत.

मंगळवारी नालबंद येणार आहे. गुरुवारी माझा नववा डोस. पावसाने तबेल्याच्या एका कोपऱ्यात पाणी साचतंय, तिथे मुरूम टाकायला सांगितलाय. उद्या आपण सूर्यास्ताचा प्रसंग वाचू.

राम कृष्ण हरी.